दहावीचं गणित: चाळीस-चाळीसचे दोन पेपर आणि ती 'ॲक्टिव्हिटी' म्हणजे नक्की काय?

रेवाकाठची

नमस्कार मंडळी. माझं माहेर इंदूर, त्यामुळे महाराष्ट्रातली दहावी मी फक्त वर्तमानपत्रात पाहिलेली. नवरा बदलीच्या नोकरीत. लेक आठवीपर्यंत सीबीएसईला होती, नववीला इथे आलो आणि राज्य मंडळाच्या शाळेत सेमी इंग्लिशला घातली. आता दहावीची परीक्षा तोंडावर आलीय आणि गणितावरून घरात रोज एक सभा भरते.

सासरे म्हणतात, "दीडशे गुणांचं गणित, बीजगणित पंचाहत्तर आणि भूमिती पंचाहत्तर." शेजारच्या काकू म्हणतात, "भूमितीत गेली की अख्खी दहावी गेली." लेकीच्या वर्गातल्या मुली म्हणतात, "वीस गुण शाळेच्या हातात असतात, घाबरायचं काय त्यात?" लेक स्वतः काहीच म्हणत नाही, सूत्रं पाठ करत बसते.

मला एवढंच कळून घ्यायचंय:

दोन पेपर आहेत तर पास होण्याचा हिशोब कसा करतात? प्रश्नपत्रिकेत चौकटी-चौकटींचे काही प्रश्न असतात, त्यांना ॲक्टिव्हिटी म्हणतात, ते कसे सोडवायचे? आणि मुख्य म्हणजे गुण देतात कसे? उत्तर बरोबर असूनही हिला सराव परीक्षेत गुण कमी पडलेत. शाळेत विचारलं तर "बोर्डाची पद्धत तशीच आहे" एवढंच उत्तर मिळालं. पद्धत आहे कशी, ते कोणी सांगेल का?

---

खडू-डस्टर

ताई, तुमचे सासरे चूक नाहीत, जुने आहेत. साडेसातशे गुणांची दहावी होती तेव्हा गणित दीडशेचंच होतं. मी शिकवायला लागलो तेव्हाही तेच चालू होतं. निवृत्त होईपर्यंत तीन वेळा आराखडा बदलला, आणि दर वेळी आम्ही तक्रार करून पुन्हा त्यालाच चिकटलो. बोर्डाचे पेपर बरीच वर्षं तपासलेत, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

आता गणित शंभर गुणांचं आहे. भाग १ म्हणजे बीजगणित, ४० गुण. भाग २ म्हणजे भूमिती, ४० गुण. प्रत्येकाला दोन तास, वेगवेगळ्या दिवशी. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, ते शाळा देते: गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी. या तिन्हींची बेरीज होऊन गुणपत्रिकेवर गणित हा एकच विषय येतो. त्यामुळे काकूंना सांगा, भूमितीत वेगळं पास-नापास नसतं. बीजगणितात ३० आणि भूमितीत १२ पडले तरी ते ४२ म्हणूनच धरले जातात. पास व्हायला शंभरात ३५ लागतात.

त्यातही एक खिडकी आहे. गणित आणि विज्ञान यांची जोडी धरतात. दोन्ही मिळून २०० पैकी ७० होत असतील आणि प्रत्येकात किमान २५ असतील, तर गणितात २८ पडलेलं पोरही पास होतं. ही खिडकी पोरांना आधीपासून दाखवू नये. माहीत झाली की दारानं यायचं सोडून देतात.

"वीस गुण शाळेच्या हातात" हे खरं आहे, पण त्या गुणांनी काठावरचा तरतो. नव्वदीच्या वर जायचं असेल तर ते सगळ्यांना जवळजवळ सारखेच पडतात, फरक उरलेल्या ऐंशीतच होतो.

आता प्रश्नपत्रिका. ही रचना पोरांना तोंडपाठ हवी. सूत्रांइतकीच.

प्रश्न १ (अ): चार बहुपर्यायी, एकेक गुण. (ब): चार छोटी उदाहरणं, एकेक गुण. इथे पर्याय नाही, सगळं सोडवायचं.
प्रश्न २ (अ): तीन ॲक्टिव्हिटी, कोणत्याही दोन, दोन-दोन गुण. (ब): पाच उदाहरणं, कोणतीही चार, दोन-दोन गुण.
प्रश्न ३ (अ): दोन ॲक्टिव्हिटी, कोणतीही एक, तीन गुण. (ब): चारपैकी दोन, तीन-तीन गुण.
प्रश्न ४: तीनपैकी दोन, चार-चार गुण. बहुधा पुस्तकाबाहेरचे, डोकं खाजवायला लावणारे.
प्रश्न ५: दोनपैकी एक, तीन गुण. थोडा मोकळा प्रश्न असतो, स्वतः काही रचून दाखवायला सांगतात.

बेरीज करून बघा, छापलेले प्रश्न ६० गुणांचे आहेत आणि सोडवायचे ४० गुणांचे. म्हणजे वीस गुणांचं तुम्ही ताटात तसंच ठेवू शकता. पोरं नेमकी इथे फसतात. पहिलं दिसलं ते सोडवायला घेतात, अर्ध्यावर अडतात, खोडतात, दुसरं घेतात. प्रश्न ४ ला तिन्ही उदाहरणं आधी वाचून मग दोन निवडणारं पोर मला वर्गात क्वचितच दिसलं. सगळ्यांना वाचायला वेळ नसतो आणि खोडायला असतो!

ॲक्टिव्हिटी म्हणजे अर्धवट सोडवलेलं उदाहरण. पायऱ्या छापलेल्या असतात, मध्ये रिकाम्या चौकटी. साधारणपणे दोन गुणांना चार चौकटी, म्हणजे चौकटीमागे अर्धा गुण. बीजगणितात चौकटीत संख्या येते, भूमितीत बहुतेक वेळा कारण येतं: "समरूपतेची कोको कसोटी", "अंतर्लिखित कोनाचे प्रमेय", असं. अख्खी ॲक्टिव्हिटी उत्तरपत्रिकेत उतरवून मग चौकटी भरायच्या. नुसती चार उत्तरं एकाखाली एक लिहिली तर तपासणाऱ्याला कोणतं कुठलं ते शोधत बसावं लागतं. त्याच्यासमोर गठ्ठा असतो हो.

एक गोष्ट विसरायच्या आत सांगतो, कारण हिच्यावरून मला एका पोराचं फार वाईट वाटलं होतं. प्रश्नपत्रिकेवर सूचना छापलेली असते की प्रश्न १ (अ) मध्ये पहिल्या प्रयत्नात लिहिलेलं उत्तरच ग्राह्य धरलं जाईल. त्या पोराने पहिल्या पानावर चारही पर्याय लिहिले, दोन चूक. पेपर लवकर संपला म्हणून शेवटच्या पानावर "प्र. १ (अ)" असं ठळक लिहून चारही पुन्हा लिहिले, या वेळी सगळे बरोबर. मला पहिल्या पानाचेच गुण द्यावे लागले. बाकीचा पेपर सुंदर होता, अक्षरसुद्धा. नाव कळायचा प्रश्न नाही, आमच्यापुढे उत्तरपत्रिका येते ती बारकोड लावलेली. पण ते शेवटचं पान अजून डोळ्यापुढे आहे.

गुण देण्याबद्दल सविस्तर लिहितो, पण आधी तिचं एखादं उदाहरण इथे टाका ना, ज्यात उत्तर बरोबर असून गुण गेले. हवेत बोलण्यात अर्थ नाही.

---

बॅकबेंचर २५

मी २०२५ला दिली दहावी. वेळेचं सांगतो, कारण मोठी माणसं ते सांगत नाहीत.

पेपर अकरा वाजता असेल तर साडेदहाला हॉलमध्ये असायचं. पूर्वी म्हणे दहा मिनिटं आधी पेपर वाचायला द्यायचे. २०२३पासून ते बंद आहे, त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून मिळतात. म्हणजे अकरा ते एक वाजून दहा. आमच्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की ती दहा मिनिटं 'उरलेलं सोडवायला' धरू नका, 'तपासायला' धरा. मी अर्थातच सोडवायला धरली.

कॅल्क्युलेटर नाही. सीबीएसईलाही नसतो, त्यामुळे तिला सवय असेल.

आणि भूमितीला कंपासपेटी स्वतःची. माझ्या मागच्याने माझा कर्कटक मागितला, मी मान वळवली आणि बाईंनी माझ्याकडेच असं बघितलं की मी पुढची पाच मिनिटं काही लिहूच शकलो नाही.

---

रेवाकाठची

खडू-डस्टर सर, खूप आभार. हे कोणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं. छापलेले साठ आणि सोडवायचे चाळीस हे वाचून लेक पहिल्यांदा हसली.

दोन उदाहरणं लिहिते.

पहिलं: "क्ष वर्ग वजा १५क्ष अधिक ५४ बरोबर शून्य, हे समीकरण अवयव पद्धतीने सोडवा." हिने सूत्र वापरलं. उत्तर ९ आणि ६, बरोबर. दोनपैकी अर्धा गुण.

दुसरं: "४ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती?" हिचं उत्तर २१. चूक आहे, मान्य. पण दोनपैकी दीड गुण!

म्हणजे बरोबर उत्तराला अर्धा आणि चुकीच्या उत्तराला दीड? सासरे म्हणाले, हे गणित आहे की निबंध?

---

खडू-डस्टर

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. या माणसाशी चहा प्यायला आवडेल.

ताई, दोन्ही ठिकाणी सरांनी बरोबर तपासलंय. कसं ते पायरी-पायरीनं दाखवतो. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात, मी आपला जुन्या वळणाने क्ष लिहितो.)

आधी दुसरं घेऊ. पूर्ण उत्तर असं:

दोन अंकी संख्यांत ४ ने भाग जाणारी पहिली १२, शेवटची ९६. श्रेढी १२, १६, २०, ... ९६. इथपर्यंत आलं की अर्धा गुण.
पहिलं पद १२, सामान्य फरक ४, आणि एनव्या पदाचं सूत्र. अर्धा गुण.
किंमती घालून: ९६ = १२ + (एन − १) × ४. अर्धा गुण.
८४ = (एन − १) × ४, म्हणून एन − १ = २१, म्हणून एन = २२. अर्धा गुण.

तुमच्या लेकीने 'एन वजा एक बरोबर एकवीस' इथे येऊन पेन उचललं असणार. एक मिळवायचा राहिला. दाराशी येऊन चप्पल काढायची राहिली, एवढंच. तिला श्रेढी ओळखता आली, सूत्र माहीत आहे, किंमती बरोबर घातल्या. तीन पायऱ्यांचे दीड गुण तिचेच आहेत, शेवटचा अर्धा गेला.

आता समजा तिने नुसतं "उत्तर: २२" लिहिलं असतं. बोटांवर मोजून, पाढा म्हणून, कसंही. तर उत्तर बरोबर असूनही दोन गुण मिळाले नसते, कारण द्यायचे कशाला? पायरी दिसली की गुण, असा हा व्यवहार आहे. तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तरं आणि गुणविभागणी असते. मुख्य नियामकांच्या सभेत त्यावर चर्चा होते, तिथून ती नियामकांकडे आणि आम्हा परीक्षकांकडे येते. नंतर आम्ही तपासलेल्यातले काही पेपर नियामक पुन्हा बघतात. एकाने सढळ हाताने दिले आणि दुसऱ्याने चिमटीने, असं होऊ नये म्हणून ही व्यवस्था. पूर्ण साधतं असं मी म्हणणार नाही, माणसं आहेत. पण अर्ध्या गुणाच्या पायऱ्यांमुळे फरक फार वाढत नाही.

आता पहिलं, जे तुम्हाला जास्त लागलंय.

प्रश्नात "अवयव पद्धतीने" हे शब्द आहेत. पद्धत सांगितली नसेल तर कोणत्याही योग्य पद्धतीने सोडवा, पूर्ण गुण. पण पद्धत सांगितली की प्रश्न 'उत्तर काय' असा राहत नाही, 'ही रीत येते का' असा होतो. अवयव पद्धतीत हवं होतं ते असं: ५४चे असे दोन अवयव शोधा ज्यांची बेरीज १५ येते. ९ आणि ६. मग मधलं पद फोडा, वजा ९क्ष वजा ६क्ष. मग क्ष(क्ष − ९) − ६(क्ष − ९) = ०. मग (क्ष − ९)(क्ष − ६) = ०. म्हणून क्ष = ९ किंवा ६. चार पायऱ्या, चार अर्धे. तिच्या उत्तरात शेवटची ओळ तेवढी जुळते, म्हणून अर्धा गुण. एखाद्या परीक्षकाने तोही दिला नसता.

तिला एवढंच सांगा, प्रश्नातला "पद्धतीने" हा शब्द दिसला की त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. "पूर्ण वर्ग पद्धतीने", "सूत्राचा वापर करून", "आलेखाने", "गृहीतमध्य पद्धतीने". दुसरीकडून आलेल्या मुलांना सूत्राचा लळा असतो. सूत्र म्हणजे हुकमी पान, कुठेही चालतं. पण इथे डाव कोणता मांडलाय ते आधी बघावं लागतं.

भूमितीत तर पायऱ्यांचं राज्य आहे. प्रमेय लिहिताना आकृती, पक्ष, साध्य, लागली तर रचना, मग सिद्धता. "प्रमेयाची सिद्धता लिहिताना आकृती आवश्यक आहे" ही सूचना पेपरवरच छापलेली असते. तरी दर वर्षी पोरं आकृती न काढता "त्रिकोण एबीसी मध्ये" म्हणून सुरू करतात. कुठला एबीसी बाबा? कुठे आहे तो?

तसंच रचनेच्या खुणा. कंपासचे कंस पुसायचे नाहीत, हेही छापलेलं असतं. नीटनेटक्या मुली इथे मार खातात. समरूप त्रिकोण काढतात, देखणा काढतात आणि मग सगळे कंस रबराने पुसून टाकतात, चित्रकलेच्या पेपरसारखं. आता तो त्रिकोण कंपासने काढला की पट्टीने अंदाजे, मला कसं कळावं? आधी कच्ची आकृती, मग पक्की, कंस जसेच्या तसे. मी वर्गात सांगायचो, भूमितीच्या पानावर काम केल्याचा राडा दिसला पाहिजे.

---

आयटीवाला मावळा

सर, आदर राखून म्हणतो, हे सगळं वाचून वाईटच वाटलं. मुलगी सूत्राने उत्तर काढते म्हणजे तिला गणित कळतंय. तिला अवयव पाडायला लावून अर्धा गुण द्यायचा, याला मी शिक्षण म्हणणार नाही. मी रोज कामात गणित वापरतो, मला कोणी 'पायरी दाखव' म्हणत नाही. पर्सेंटाइल, स्केलिंग असलं काही तरी असायला हवं. अर्ध्या अर्ध्या गुणांचा हा बाजार बंद करा.

---

खडू-डस्टर

मावळे, तुमच्या ऑफिसात कोडचा आढावा घेतात ना? तिथे 'चालतंय' म्हटलं की सोडतात का?

असो. स्केलिंग म्हणजे कच्च्या गुणांचं रूपांतर करून वेगळा आकडा देणं. आपल्या दहावीत तसं काही नाही. चाळीसपैकी तेहतीस पडले की तेहतीसच. त्याचा तोटा आहे, एखाद्या वर्षी पेपर कठीण निघाला तर त्या वर्षीच्या पोरांवर तो बसतो. पण फायदा असा की गावातल्या शेतकऱ्यालाही आपल्या पोराला किती पडले आणि का, हे कळतं. मला तो फायदा मोठा वाटतो. तुम्हाला वाटणार नाही, चालेल.

आणि मुलीला सूत्र येतं म्हणजे गणित कळतं, हे मला मान्य नाही. सूत्र यंत्रालाही येतं. ५४चे तुकडे कसे पाडले की १५ होतात, हे डोक्यात खेळवता आलं पाहिजे. पण हा वाद इथे नको, ताईंचा धागा आहे.

---

निकालवाली आई

मी एका वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय. निकालानंतर काय करता येतं, हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर त्या चार दिवसांत धावपळ होते.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पडताळणीत एवढंच बघतात की सगळे प्रश्न तपासले गेलेत ना, बेरीज बरोबर आहे ना. २०२५मध्ये त्याचे विषयामागे ५० रुपये होते. पुनर्मूल्यांकन म्हणजे पेपर पुन्हा तपासणं, त्याचे ३०० रुपये. पण त्यासाठी आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावीच लागते, तिचे ४०० रुपये. छायाप्रत हातात आल्यापासून पाच कामाच्या दिवसांत पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा. सगळं ऑनलाइन.

माझ्या मुलाची गणिताची छायाप्रत मागवली होती. पुढे अर्ज केला नाही, कारण पान उलटल्यावर त्याचं त्यालाच कळलं. "आई, हे मी असं लिहिलंय?" एवढंच म्हणाला. चारशे रुपयांत एवढं शहाणपण स्वस्तच पडलं म्हणायचं.

आणखी एक. टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने निघते, म्हणजे सहापैकी सगळ्यात चांगल्या पाच विषयांची. गणित सगळ्यात कमी असेल तर ते टक्केवारीत येतच नाही. पास मात्र व्हावंच लागतं. आणि समजा नाहीच झालं, तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीलाही प्रवेश मिळतो. रेवाकाठची, हे तुमच्या लेकीला लागणार नाही, पण वाचणाऱ्या कोणाला तरी लागेल.

---

बॅकबेंचर २५

बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये माझं गणित गेलं नाही, मराठी गेली. घरी अजून कोणी पूर्ण माफ केलेलं नाही.

---

रेवाकाठची

सगळ्यांचे आभार. काल रविवारी प्रयोग केला. सासऱ्यांनी घड्याळ लावलं, मी पर्यवेक्षक. बरोबर दोन तास दहा मिनिटं, जुना बीजगणिताचा पेपर. "पद्धतीने"खाली रेघा मारल्या तिने. प्रश्न ४ ची तिन्ही उदाहरणं वाचून मग दोन घेतली. जीएसटीचं सोडलं, संभाव्यतेचं घेतलं.

सासऱ्यांनी पेपर तपासला, लाल पेनाने, तुमच्या अर्ध्या-अर्ध्या हिशोबाने. ४० पैकी ३१. साडेएकतीस द्यायचे की नाही यावरून आजोबा-नात दोघांची अर्धा तास खडाजंगी झाली. शेवटी 'म्हणून' हे चिन्ह लिहिलं नव्हतं म्हणून अर्धा कापला गेला. मला वाटतं हा जरा जुलूम झाला.

एक मात्र राहिलं. एकसामयिक समीकरणं आलेखाने सोडवायची होती आणि घरात आलेख कागदच नव्हता. परीक्षेत तो घरून न्यायचा का?

---

खडू-डस्टर

'म्हणून'च्या चिन्हाचा अर्धा गुण मी कापला नसता. आजोबांना सांगा, नियामकाने त्यांचा निकाल फिरवला, साडेएकतीस.

आलेख कागद घरून न्यायचा नाही. वर्गातल्या पर्यवेक्षकांकडे मागायचा, पुरवणीसारखाच मिळतो, आणि उत्तरपत्रिकेला घट्ट बांधायचा. त्यावर प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न आठवणीनं लिहायचा. प्रमाण वर उजव्या कोपऱ्यात: दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक. प्रत्येक रेषेसाठी निदान तीन बिंदू, कारण दोन बिंदूंतून रेषा नेहमीच जाते, चूक झाली असली तरी. तिसरा बिंदू रेषेबाहेर पडला तर आकडेमोड पुन्हा बघायची. दोन्ही रेषांवर त्यांची समीकरणं लिहायची आणि छेदनबिंदूचे निर्देशक खाली उत्तरात लिहायचे. ते नुसतं आलेखावर गोल करून सोडून देतात पोरं.

पेन्सिल टोकदार. आणि आजोबांना पुढच्या रविवारी भूमितीचा पेपर तपासायला द्या, बघू कंस पुसते का ती.